पीसफुल चेहरा

"अगं सुनीता, तथागत झोपले की काय?"

गजभियेकाका मूर्तीसमोर हटून बसले होते. काका मूळचे नागपूरचे, आता इथे मिशिगनमधल्या ट्रॉय गावात मुलाकडे असतात. नव्या विहाराची कमिटी तेच चालवतात. संगमरवराची मूर्ती जवळपास पूर्ण झाली होती. डोळे मिटलेले होते.

"काका, मॉडेल तुम्हीच अप्रूव्ह केलं होतं."

"त्यात चेहरा अंगठ्याएवढा! डोळे कुठे दिसत होते? आमचे बुद्ध उघड्या डोळ्यांनी जग बघतात. हे नाही चालणार, बेटा. कॅन्सल करावं लागेल."

दिवसभर पॉलिश करून माझे खांदे भरून आले होते. त्यात हे.

मूर्ती माझ्या बॉसची, यानिसची. तो ग्रीसमधल्या एका बेटावर शिकला. आधी नुसती छिन्नीला धार लावणं, मग वस्त्राच्या चुण्या, सगळ्यात शेवटी चेहरा. शिकला देव घडवायला आणि मिशिगनमध्ये जन्म गेला थडग्यांवरचे देवदूत कोरण्यात. आता मनगट कामातून गेलं होतं. ही मूर्ती शेवटची, असं तो सांगून बसला होता.

"मूर्तीचे डोळे का मिटलेस?" मी यानिसला विचारलं.

"तेच म्हणाले, पीसफुल फेस हवा."

माझ्या डोक्यात प्रकाश पडला. आमच्याकडे हा शब्द रडून आलेली माणसंच वापरतात. ती पीसफुल म्हणतात, आम्ही डोळे मिटतो. काकांनी शांत चेहरा मागितला, यानिसने गेलेल्या माणसाचा दिला.

काकांना हे सांगितलं. ते म्हणाले, "त्याला सांग, आमचे जागे आहेत."

सांगितलं. यानिस म्हणाला, "इथे आल्यापासून उघडे डोळे कुणी मागितलेच नाहीत."

मिटलेला डोळा उघडता येतो. पापणीची कड ठेवून मधला दगड आत घ्यायचा. कड उडाली की चेहरा गेला. यानिसने मशीन बाजूला ठेवलं, बारीक छिन्नी घेतली. मी बाजूने दिवा धरला. मनगट थरथरलं की तो थांबायचा, हात झटकायचा, पुन्हा लागायचा. मला तर बघवत नव्हतं. डाव्या पापणीचा एक कण उडालाच. बाकी कड टिकली.

काका आले, हात जोडून उभे राहिले. "आता बघतायत," एवढंच म्हणाले. यानिसला मराठी येत नाही, पण त्याने तोंड फिरवलं आणि उगाच हत्यारं पुसत बसला.

आता ऑर्डर मी घेते. कुणी पीसफुल म्हणालं की आधी विचारते, डोळे उघडे की मिटलेले? लोक दचकतात. दचकू देत. दगडाला अनडू नसतं.