पान बघून परत जाणारी माणसं

मिस्त्री फोन उचलायचे आणि "हं, सांगा" एवढंच म्हणायचे. मग समोरचा माणूस पूर्ण थांबेपर्यंत गप्प.

टाइप करायचे ते दोन बोटांनी, दोन्ही उजव्या हाताची. डाव्या हाताची तीन बोटं वळत नसत.

टेबलावर बसायला लागून चार वर्षं झाली तरी शर्टाच्या खिशात टेस्टर असायचा. पेन मात्र कधीच नसायचं. माझं घ्यायचे, परत द्यायचे, उद्या परत मागायचे.

संध्याकाळी कॉम्प्युटर बंद केला की त्याच्या डब्यावर हात ठेवून उभे राहायचे. आतला पंखा थांबला की मगच पिशवी उचलायचे.

गिऱ्हाईकं त्यांना नावानं आठवत नसत, जिन्यावरून आठवत. "दुसरा मजला, कठडा हलतो, ते मास्तर." वहीतही तसंच लिहायचे. काम झालं की त्या ओळीवर आडवी रेघ मारायचे.

आमचं दुकान घरच्या आजारी माणसांसाठी सामान भाड्यानं देतं. खाटा, चाकाच्या खुर्च्या, ऑक्सिजनची मशीनं. मशीन हवेतूनच ऑक्सिजन काढतं आणि नळीनं नाकाशी पोचवतं. मिस्त्री बावीस वर्षं ही मशीनं दुरुस्त करत होते. मग एकदा जिना उतरताना मशीन मनगटावर पडलं आणि हात गेला. मालकांनी त्यांना घरी पाठवलं नाही, फोनवर बसवलं. पुढे वेबसाइट आली तेव्हा तीही त्यांच्याच गळ्यात पडली.

त्यांनी एक पान लिहिलं होतं. नाव होतं: मशीन बंद पडलं. पहिल्या ओळीत फोन नंबर, मोठ्या अक्षरात. दुसऱ्या ओळीत, आधी मशीनसोबत दिलेला सिलिंडर लावा. तिसऱ्या ओळीत, प्लग बघा, नळी कुठं दुमडली आहे का बघा. चौथ्या ओळीत, दम लागला असेल तर आम्हाला नको, ॲम्ब्युलन्सला फोन करा. एवढंच.

मी साहित्यात एम.ए. करून त्यांच्या शेजारच्या खुर्चीवर आलो. पहिल्याच दिवशी मी म्हणालो, "मिस्त्री, हे फार कोरडं वाटतं."

"कविराज, माणूस निळा पडत असताना तुम्ही काय अलंकार वाचता?"

तेव्हापासून मी कविराज.

ते पान सर्चमध्ये तिसरं दिसायचं. का, ते आम्हाला कुणालाच माहीत नव्हतं. मग मालकांनी एक सल्लागार आणला. त्यानं भिंतीवर आकडे दाखवले. या पानावर शंभर जण येतात, त्यातले एक्याण्णव दुसरं काहीही न उघडता निघून जातात. याला म्हणतात बाउन्स रेट.

"लोक पळतायत," सल्लागार म्हणाला. "सर्चला हे कळतं. आज तिसरे आहात, उद्या तिसावे असाल."

मालकांचा चेहरा उतरला. मिस्त्रींनी हात वर केला, शाळेतल्यासारखा.

"साहेब, औषधाच्या दुकानात माणूस येतो. एक गोळी मागतो, घेतो, जातो. दुकानभर हिंडत नाही. म्हणून दुकान वाईट का?"

"तो गोळी घेऊन गेला की न घेता गेला, ते तुम्हाला कसं कळणार?"

"फोन वाजतो की."

सगळे हसले. सल्लागारही हसला. पण ठरलं ते त्याचंच. एका पानाची पाच पानं करायची. प्रत्येकाखाली 'पुढे' असं बटण. नंबर पाचव्या पानावर. पाचव्या पानापर्यंत माणूस आला की बाउन्स कमी होणार.

ती पाच पानं मी लिहिली. पहिलं पान श्वासाबद्दल होतं. ते चांगलं जमलं होतं, असं मला वाटलं होतं. मिस्त्रींनी ते दोनदा वाचलं. "भाषा छान आहे," म्हणाले आणि चष्मा पुसत बसले.

महिन्याभरात एक्याण्णवचे अडतीस झाले. मालकांनी केक आणला. मिस्त्रींनी आपला तुकडा कागदात गुंडाळून घरी नेला.

त्यांची वही मात्र वेगळंच सांगत होती. पूर्वी मशीन बंद पडल्याचे दिवसाला बारा-तेरा फोन यायचे. आता चार. कधी तीन.

"मशीनं सुधारली असतील," मालक म्हणाले.

"एकदम सगळी? पोलिओचा डोस दिला का त्यांना?"

दीड महिन्यानं आमचं पान सर्चमध्ये तिसरं राहिलं नव्हतं. खाली, आणखी खाली, मग सर्चच्या यादीच्या दुसऱ्या पानावर. मी तेव्हा या विषयावर मिळेल ते वाचून काढलं. सर्चवाले नक्की काय मोजतात ते बाहेरच्यांना धड माहीत नसतं. नुसत्या बाउन्स रेटवरून कुणी खाली जातं, असं ठामपणे कुणी म्हणत नव्हतं. पण एक गोष्ट मला पटली. निघून जाणारी माणसं दोन तऱ्हेची असतात. एकाला हवं ते मिळालेलं असतं. दुसरा वैतागून मागे फिरतो आणि यादीत खालच्या दुकानाचं पान उघडतो. आमच्या आकड्यात दोघं सारखेच दिसत होते. आम्ही पहिल्याला अडवला आणि दुसरा तयार केला.

हे मी मिस्त्रींना सांगितलं. म्हणाले, "एवढं वाचावं लागलं तुम्हाला?"

मग एका बुधवारी दुपारी एक फोन आला. मिस्त्री "हं, सांगा" म्हणाले. बराच वेळ ऐकत राहिले. पलीकडचा आवाज मोठा होता, मला इथवर ऐकू येत होता.

"मेल्या, तुझ्या त्या पुढे-पुढेनं माझा जीव खाल्ला! हे इकडे धापा टाकतायत आणि मी आपली बटणं दाबतेय. श्वास म्हणजे काय ते मला सांगतोस? शेजारणीच्या पोरीनं दुसऱ्याच दुकानाचा नंबर काढून दिला. सिलिंडर होता म्हणून निभावलं."

"आजी, चुकलं आमचं."

"चुकलं म्हणे! मशीनवरच्या कागदावरचा नंबर पुसला गेला होता, म्हणून तर तिथं शोधला. आताही त्या पोरीकडूनच शोधून घेतला तुझा."

"आजी, मी ते पान नीट करतो. मग तुम्हाला फोन करतो. तुम्ही उघडून बघा आणि मला सांगा, नंबर दिसला की नाही."

"करशील? की म्हणायचं म्हणून म्हणतोयस?"

"करतो, आजी."

मी खाली बघत होतो. पहिल्या पानावरचा श्वास माझा होता. मिस्त्रींनी वहीत लिहिलं, माझं पेन परत दिलं आणि मालकांच्या खोलीत गेले.

दार उघडं होतं.

"मला माझं पान परत द्या," ते म्हणाले.

"आकडा पुन्हा नव्वदवर गेला तर?"

"जाईलच."

"मग वेबसाइट त्या सल्लागाराकडे. आणि तुझ्यासाठी माझ्याकडे फक्त गोदाम उरतं. एका हातानं खाटा उचलणार आहेस?"

"आठ दिवस द्या. आकडा नको, फोन मोजा."

मालकांनी कॅलेंडरवर बोट फिरवलं. मग म्हणाले, "आठ."

गुरुवारी ते कामाला लागले. जुनं पान तसंच्या तसं लावता आलं असतं. त्यांना ते नको होतं. आजींना दिसलं पाहिजे, असं म्हणाले. पान मोबाइलवर उघडायचे, मोबाइल माझ्या हातात द्यायचे आणि घड्याळ बघायचे. पण मला नंबर कुठं आहे ते माहीत होतं. मग त्यांनी घरी बायकोवर, म्हणजे आमच्या वहिनींवर, प्रयोग केला.

"अकरा सेकंद," शुक्रवारी सकाळी येऊन म्हणाले. "त्यातले चार चष्मा शोधण्यात."

"मग सातच झाले."

"चष्म्याशिवाय दिसला पाहिजे, कविराज. घाबरलेल्या माणसाला चष्मा सापडत नाही."

दिवसभर अक्षरं मोठी केली. मध्ये येणारी चित्रं काढली. नंबरवर बोट ठेवलं की थेट फोन लागेल अशी सोय माझ्याकडून करून घेतली. संध्याकाळी मी विचारलं, माझ्या पाच पानांतलं काही ठेवायचं का. त्यांनी विचार केला. "ते 'घाबरू नका' ठेवू," म्हणाले. "शेवटी. फोन लागल्यावर वाचायला."

मग डब्यावर हात ठेवून उभे राहिले. पंखा थांबला.

शनिवारी ते आले नाहीत. साडेदहाला वहिनींचा फोन आला. मीच उचलला. "हं, सांगा," असं माझ्या तोंडून निघालं.

बूट घालायला खुर्चीवर बसले होते. एक घातला. दुसरा हातात होता. वहिनी म्हणाल्या, डबा भरून आणेपर्यंत सगळं संपलं होतं. बावन्न वर्षांचे होते. बावीस वर्षं लोकांच्या श्वासाची मशीनं चालू ठेवली. स्वतःच्या दम लागण्याला जिन्यांचा थकवा म्हणायचे.

"माझी आज परीक्षा घेणार होते," वहिनी म्हणाल्या. "म्हणाले होते, आज पाच सेकंदांत जमलं पाहिजे."

एवढी पुस्तकं वाचली, त्यातलं एक वाक्य कामाला आलं नाही.

सोमवारी मी ते पान लावलं. कुणाला विचारलं नाही. आठ दिवसांनी बाउन्स रेट एकोणनव्वद होता. मशीन बंद पडल्याचे फोन रोज नऊ-दहा यायला लागले. सर्चमध्ये अजून आम्ही दुसऱ्या पानावरच आहोत, पण मागच्या आठवड्यापेक्षा चार जागा वर. मालकांनी आकड्यांचा कागद बघितला आणि घडी घालून खिशात ठेवला. "कुठंही हलवू नका ते पान," म्हणाले.

मिस्त्रींची वही आता माझ्याकडे आहे. जवळजवळ प्रत्येक ओळीवर रेघ आहे. शेवटच्या पानावर, माझ्याच पेनानं लिहिलेली बुधवारची ओळ:

"आजी. तिसरा मजला, लिफ्ट नाही, दाराशी कुंडी. पान झालं की फोन."

नाव नाही, नंबर नाही. दुकानाच्या जुन्या फोनवर आलेला नंबर दिसत नाही. जिना त्यांना पाठ होता. आमची मशीनं तीनशेहून जास्त घरांत आहेत.

या ओळीवर रेघ नाही.