दोराबाहेर पाऊल
हळद आणि ताकाचा वास एकत्र आला, की चाकणजवळच्या जत्रेतला तो कुस्तीचा आखाडा डोळ्यांपुढे येतो. तिथल्या मातीत दोन्ही कालवलेलं होतं. डॉक्टरनं तपासल्याशिवाय कुस्ती लावायची नाही, अशी सरकारनं परवान्यात अट घातली होती, आणि सरकारी दवाखान्यातली डॉक्टर मी होते. अट घालणाऱ्यानं आखाडा कधी पाहिला नसावा. त्या मातीत बाईनं पाय ठेवायचा नाही, आणि अंगाला माती लावलेला पैलवान न लढता आखाड्याभोवतीच्या दोराबाहेर आला तर तो हरला. शेवटी पैलवान आतून दोरावर वाकला, मी बाहेरून त्याच्या छातीला नळी लावली. ठोके मध्येच चुकत होते. पुन्हा ऐकलं. "ही कुस्ती होणार नाही," मी म्हणाले. पिंपरीच्या कंपन्यांतून पहिली शिफ्ट उरकून आलेली गर्दी उसळली. "बाईनं कुस्ती मोडली!" एक दगड माझ्या कानाजवळून गेला. बंदोबस्ताचा फौजदार गर्दीपलीकडे अडकलेला. तेवढ्यात त्या पैलवानानं दोर उचलला आणि बाहेर पाऊल टाकलं. मैदान एकदम गप्प झालं. "माज्या मागनं चला, बाई," तो म्हणाला. जीपपर्यंत कुणी दगड मारला नाही. तो वास आला, की अजूनही मला माझ्यापुढे चालणारी ती मातीनं माखलेली पाठ दिसते.