मार्चपर्यंतची खुर्ची

आमचं बेट धुक्यात बुडालं होतं, त्या संध्याकाळी शाळा समितीचे चौघे डेल्फीनच्या दारात आले. ती शेवंडं पकडायच्या पिंजऱ्यांसाठी जाळी विणत बसली होती. समितीवरचा हार्लन बेट सोडून पलीकडच्या किनाऱ्यावर राहायला गेला, म्हणून नियमानं त्याची जागा रिकामी झाली होती. मार्चच्या गावसभेत निवडणूक होईपर्यंत उरलेल्यांनी कुणाला तरी नेमायचं होतं.

"मला ना मूल ना बाळ. माझं काय काम तिथे?" ती म्हणाली.

"शाळा बंद करावी का, यावर आम्ही दोन विरुद्ध दोन अडकलोय," म्हातारा एल्डन म्हणाला. "तुझं मत कुणालाच ठाऊक नाही. म्हणून तुझ्या नावावर तेवढं आमचं एकमत झालं बघ!"

डेल्फीन तयार झाली, पण मत देण्याआधी एका सकाळी वर्गात मागच्या बाकावर जाऊन बसली. पाच मुलं आळीपाळीनं वाचत होती. धुक्यात दीपगृहाचा भोंगा वाजला की वाचणारं मूल सहज थांबे आणि तो विरला की तिथूनच पुढे वाचे. जणू बेटच त्यांच्यासोबत वाचत होतं. तिला तिथून उठवेना.

तिच्या मतानं शाळा टिकली. मार्चमध्ये लोकांनी दुसऱ्याला निवडलं. डेल्फीन मात्र अजूनही शुक्रवारी मागच्या बाकावर येऊन बसते, आणि तिला कुणी उठवत नाही.