स्पितीच्या पेट्या आणि बाबांचं इन्स्पेक्शन

शनिवारी सुपेल्याच्या बाजारात एका बाइक अ‍ॅक्सेसरीजच्या दुकानात माझ्या बाबांनी शांतपणे विचारलं, "भैया, एक बाल्टी पानी मिलेगा?" आणि मी मनात म्हटलं, प्रज्ञा, आज तुझं काही खरं नाही...

मी शाळेत गणित शिकवते. गेल्या वर्षी हौसेने अ‍ॅडव्हेंचर बाइक घेतली आणि यंदा उन्हाळ्याच्या सुट्टीत दोन मैत्रिणींबरोबर स्पितीला जायचं ठरलं. सामानासाठी बाइकच्या दोन्ही बाजूंना लावायच्या टणक पेट्या हव्या होत्या, बाकी सगळी तयारी झाली होती.

आई पहिल्याच झटक्यात हो म्हणाली. बाबा हो पण म्हणाले नाहीत आणि नाही पण म्हणाले नाहीत. म्हणाले, "पेटी मी पाह्यतो. पेटी पास झाली, तं मंग बोलू."

बाबांचं हे 'मंग बोलू' फार डेंजर! ते चौतीस वर्षं स्टील प्लांटात इन्स्पेक्शनला होते. माणूस रिटायर झाला, इन्स्पेक्शन काही झालं नाही... भेंडी घेताना प्रत्येक भेंडीचं टोक मोडून बघतात. मला आलेली दोन-तीन स्थळंही त्यांनी अशीच परत पाठवली. त्याबद्दल मात्र मी त्यांची जन्मभर आभारी आहे.

आता एकतीस वर्षांची बाई, स्वतःचा पगार... त्यांच्या होकाराशिवायही जाऊ शकले असते. पण खरं सांगते, तसं जमलं नसतं. प्रत्येक घाटात त्यांचा चेहरा दिसला असता.

तर दुकान. पहिली पेटी प्लास्टिकची होती, बाबा तिच्यावर बसले. बाबा नव्वद किलोचे. झाकण कुरकुरलं, बाबा उठले आणि म्हणाले, "रिजेक्ट."

दुसरी अ‍ॅल्युमिनियमची. दुकानदार कौतुक सांगत होता, तेवढ्यात बाबांनी खिशातून चुंबक काढलं आणि कुठे गंजणारं लोखंड लपलंय का बघायला बिजागरीपासून कुलपापर्यंत फिरवलं. खिशात चुंबक घेऊन कोण फिरतं हो? मग आत वर्तमानपत्र ठेवून झाकण लावलं, त्यावर बादली ओतली आणि घड्याळ बघत दहा मिनिटं उभे राहिले.

वर्तमानपत्राचा एक कोपरा ओला निघाला. एवढासा... नखाएवढा! तीही गेली.

दुकानदार कपाळाला हात लावून म्हणाला, "अंकल, डब्बा लेना है कि डब्बे की शादी करानी है?" मी खो खो हसले. बाबा हसले नाहीत, त्यांनी तिसरी पेटी मागितली.

ही पण अ‍ॅल्युमिनियमची, पण जाड पत्र्याची. बसून झालं, पाणी ओतून झालं, वर्तमानपत्र कोरडं ठणठणीत. बाबा कोपऱ्यांवरून बोट फिरवत राहिले, रिबिटा मोजल्या, परत मोजल्या... आणि माझं डोकं फिरलं. मी भर दुकानात म्हटलं, "बाबा, तुम्ही पेटीत दोष शोधून राहिले, की माह्या जाण्यात?"

दुकानदाराने उगाच दुसरीकडे बघितलं. बाबांनी चष्मा काढला, शर्टाला पुसला, परत घातला. "घे ही," म्हणाले. बस्स, तेवढंच! 'जा' नाही म्हणाले.

दोन तासांनी पेट्या बसवून आम्ही रुआबांध्याला, घराकडे निघालो. बाबा मागे बसलेले.

घरी पोचलो. बाबांनी उतरून फाटक उघडलं, मी रोजच्या सवयीने गाडी आत घातली... आणि धाडकन आवाज! डावी पेटी फाटकाच्या लोखंडी खांबावर आपटली आणि नव्याकोऱ्या पेटीवर हातभर ओरखडा उमटला.

हे फाटक बाबांनी स्वतः बनवलेलं, मुद्दाम अरुंद, गाई शिरून त्यांची वांगी खातात म्हणून. बाबांनी टेप आणला. फाटक अडतीस इंच, पेट्यांसकट गाडी एकेचाळीस. पाणी मोजलं, पत्रा मोजला, रिबिटा मोजल्या, आणि फाटक मोजायचं कोणालाच सुचलं नाही! मी तर गणिताची बाई!

आई ओट्यावर पोट धरून हसत होती. "चौतीस वर्षं प्लांटात मापं काढली, अन् घरचं गेट नाही मोजलं!"

मला मात्र हसू येईना. बाबांना शेवटी दोष सापडला होता, आता पेट्या परत आणि स्पितीही गेली... मी घाईघाईने म्हटलं, "बाबा, या दोन मिनिटांत काढता येतात, मी रोज बाहेरच काढून ठेवीन."

"रोज काहून काढून ठेवायच्या?" बाबा ओरखड्यावर अंगठा फिरवत म्हणाले. "पेटी बराबर आहे. गेट रिजेक्ट."

रविवारी सकाळी ग्राइंडरच्या आवाजाने जाग आली. बाहेर येऊन बघते तर बाबा डोळ्यांवर गॉगल चढवून आपल्याच हाताने उभा केलेला खांब बुडातून कापत होते. ठिणग्या उडत होत्या, आई लांबून ओरडत होती, आणि हा माणूस आपल्या कामात. दुपारपर्यंत खांब फूटभर पलीकडे पक्का बसवला आणि फाटकालाही तेवढीच जोड वेल्डिंग करून दिली.

मग मला म्हणाले, "काढून पाह्य गाडी."

मी हेल्मेट घातलं आणि पेट्यांसकट गाडी बाहेर काढली. कुठे घासली नाही, की अडली नाही. बाबा मागून आले, पेटीचं कुलूप एकदा ओढून बघितलं आणि म्हणाले, "जाय मंग. रोज फोन कर... रेंज असो का नसो."

रेंज नसताना फोन कसा करायचा ते मी विचारलं नाही. मी पाच मिनिटं हेल्मेटच काढलं नाही. शाळेत पोरांना दरडावणारी बाई स्वतःच्या दारात उभी राहून रडते, हे अख्ख्या गल्लीने कशाला बघायचं...

थँक यू, बाबा.