श्रीमंतची पोरगी शेळ्या राखते

माकणीचा लाईनमन श्रीमंत रागावला की एकच वाक्य बोलायचा. थोरली पोरगी समृद्धी पुस्तक उघडं टाकून खिडकीबाहेर बघत बसली की तो जेवता जेवता म्हणायचा, "शिकायचं नसंल तर शेळ्या राख." गावातल्या बहुतेक बापांना असं म्हणायची सवय होती. फरक एवढाच, की श्रीमंतच्या दारात खरोखरच शेळ्या होत्या. त्याचे वडील दगडोबा जन्मभर मेंढरांमागं फिरले. मेंढरं विकली, तरी थोड्या शेळ्या त्यांनी ठेवल्या. त्यांच्याशिवाय घर रिकामं वाटतं, असं ते म्हणायचे. वास्तविक घरात माणसं भरपूर होती.

दिवाळीची सुट्टी संपून शाळा उघडली त्या दिवशी समृद्धीनं गणवेश घातला नाही. ती नववीत होती, एसटीनं लोहाऱ्याला जायची. तिनं फडक्यात भाकरी बांधली, झाडाचा पाला पाडायची लांब आकडी खांद्यावर टाकली आणि म्हणाली, "आज्जा, तुमी बसा आज." मग शेळ्या घेऊन ती धरणाच्या कडेला गेली. दगडोबा बसले. त्यांचे गुडघे दुखत होते, आणि कुणी बसा म्हटल्यावर का म्हणून विचारायची त्यांची रीत नव्हती.

संध्याकाळी श्रीमंतनं विचारलं, "शाळंला का गेली न्हाईस?"

"शेळ्या राखायच्यात."

"कुणी सांगितलं?"

"तुमी."

श्रीमंतनं बायकोकडं बघितलं. तारामती भाकरी थापत होती. मान वर न करता ती म्हणाली, "सांगितलावच की. रोजच सांगताव."

"चार दिवसांत कटाळंल," श्रीमंत म्हणाला.

"तुमी कटाळला हुताव का?" तारामतीनं विचारलं.

लहानपणी त्याला मेंढरांमागून शाळेत न्यायला गुरुजींना दोनदा माळावर यावं लागलं होतं. ही गोष्ट त्यानं पोरीला कधी सांगितली नव्हती आणि आता सांगायची वेळही बरी नव्हती.

चार दिवस गेले, पंधरवडा गेला. समृद्धी कंटाळली नाही. शेळ्या मात्र अंगानं भरल्या. "पोरीचा हात चांगला हाय," दगडोबा ओट्यावर बसून येणाऱ्याजाणाऱ्याला सांगू लागले. असं बोलू नका म्हणून श्रीमंतनं त्यांना समजावलं. त्यानंतर ते हळू आवाजात सांगू लागले.

मग श्रीमंतनं उपाय सुरू केले. आकडी माळ्यावर लपवली, तर तिनं शेजारच्या सिदूकडून दुसरी मागून आणली. मोबाईल काढून घेतो म्हणाला, तर तिनं मोबाईल दिला, वर चार्जरही दिला. "रानात रेंज न्हाय," ती म्हणाली. एकदा त्यानं हात उचलला. पोरगी जागची हलली नाही. हात थोडा वेळ वरच राहिला, मग त्यानं त्याच हातानं पंख्याचं बटण चाचपलं आणि बाहेर गेला. थंडीचे दिवस होते, पंखा बंदच होता.

सोलापूरला पोलिसात असलेला मामा बालाजी एका रविवारी मुद्दाम आला. आपण कसे पहाटे उठून पळायचो, भरतीला किती पोरं होती, त्यातून कसं निघालो, हे त्यानं भाचीला समोर बसवून सांगितलं. तिनं सगळं ऐकून घेतलं, मधे चहा करून आणला, परत येऊन बसली. शेवटी विचारलं, "मामा, झालं का? शेळ्या सोडायच्यात." बालाजी बाहेर येऊन श्रीमंतला म्हणाला, "भावजी, पोरगी ध्यान देऊन ऐकती."

लोहाऱ्याच्या एका मंगल कार्यालयात विद्यार्थी आणि पालकांसाठी व्याख्यान होतं. श्रीमंत तिला घेऊन गेला. कोट घातलेला वक्ता म्हणाला, मनाला आवडेल तेच काम करा, जग काय म्हणेल ते बघू नका. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. समृद्धीनंही वाजवल्या. परत येताना एसटीत श्रीमंत खिडकीबाहेर बघत बसला.

त्या संध्याकाळी तारामती म्हणाली, "एक दिवस रजा टाका आन् तिच्यासंगं रानात जावा. शाळंचं नाव काढू नका."

"मग बोलू काय?"

"काय बोलूच नका. खांबावर चढल्यावर कुणाशी बोलताव?"

श्रीमंतनं रजा टाकली. कारण घरगुती असं सांगितलं. सकाळी बापलेक शेळ्या घेऊन निघाले. पाणी मागं सरकलेल्या काठावर हिरवळ होती, तिथं शेळ्या पांगल्या. श्रीमंत गप्प बसला. हे काम त्याला वाटलं होतं त्याहून अवघड निघालं. जरा वेळानं एक शेळी काठावर शेत असलेल्या बंडप्पाच्या तुरीत घुसली. श्रीमंत धावला, पण आता त्याला पोट होतं. समृद्धीनं तोंडानं एक आवाज काढला आणि शेळी मुकाट बाहेर आली. तो आवाज दगडोबांचा होता. श्रीमंतलाही पूर्वी येत होता.

बंडप्पा बांधावर आला. "लाईनमनची पोरगी शेळ्या राखती व्हय?" तो म्हणाला.

"राखती," समृद्धी म्हणाली. "तुमची तूर खाल्ली न्हाय, बघा."

बंडप्पानं खरोखरच बघितलं आणि तो गेला. श्रीमंतचे कान तापले होते. पोरीचे तापलेले दिसत नव्हते.

दुपारी बाभळीखाली दोघांनी ठेचा-भाकरी खाल्ली. पाणी पिऊन झाल्यावर तीच बोलली, त्याच्याकडं न बघता.

"अण्णा, मला गणित कळत न्हाय. विज्ञान बी."

'शिकवणी लावू' हे श्रीमंतच्या ओठांवर आलं होतं. त्यानं घास नसतानाही चावल्यासारखं केलं.

"आठवीपासनं दोन्ही इंग्रजीत हाय. फळ्यावरचं उतरून घेती, पर काय उतरवलं ते कळत न्हाय. पयल्यांदा विचारलं तर पोरी हसल्या. मग विचारलंच न्हाय. पेपरात प्रश्न काय हाय हेच समजना, मग उत्तर काय लिवू?"

"घरी का सांगितलं न्हाईस?"

"सांगायचं म्हणलं की तुमी शेळ्यांचं काढायचाव. मला वाटलं, हे तरी जमंल. आन् जमलं."

"ते म्या रागात म्हणत हुतो."

"रोज?"

श्रीमंतनं विचार केला. "रोज," तो म्हणाला.

सेमी इंग्रजीच्या तुकडीत तिला त्यानंच घातलं होतं. ऑफिसात सगळ्यांची पोरं सेमीला होती. कुणी विचारलं आणि मराठी सांगावं लागलं तर कमीपणा येईल, या विचारानं. पोरीला विचारलं नव्हतं.

"मराठीच्या तुकडीत गणित असंल तर जाशील का?" त्यानं विचारलं. शाळेचं नाव काढू नका असं बायकोनं सांगितलं होतं, पण ते त्याच्या ध्यानात राहिलं नाही.

समृद्धी म्हणाली, "बघू. पर रविवारी शेळ्या मीच नेणार. आन् निकाल लागल्यावर दुसऱ्या पोरांची नावं घेऊन मला बोलायचं न्हाय."

"बरं."

"मामाला बी सांगा."

"सांगतो."

दुसऱ्या दिवशी तो शाळेत गेला. मुख्याध्यापक म्हणाले, वर्षाच्या मधे तुकडी बदलणं बरं नाही, पुढं तिचं नुकसान होईल. श्रीमंत म्हणाला, "सर, सध्या ती शाळंतच येत न्हाय. याच्यापुढं नुकसान काय व्हायचंय?" सरांनी हजेरीपट उघडून बघितला आणि तुकडी बदलली.

पहिला आठवडा ती घुश्शात गेली. दुसऱ्या आठवड्यात गणिताच्या तासाला हात वर केला. चुकलं, पण प्रश्न कळला होता, हे तिनं घरी आल्यावर सांगितलं. श्रीमंतनं एवढंच विचारलं, "कुठलं गणित?" तिनं सांगितलं. त्याला ते आलं नाही. दोघं बराच वेळ ते सोडवत बसले, आणि तारामतीला जेवायला दोनदा हाक मारावी लागली.

नववी ती पास झाली, बेताच्याच मार्कांनी. यंदा ती दहावीला आहे. श्रीमंत अजून रागावतो. रागावला की बाहेर जाऊन मोटारसायकल पुसतो. त्यामुळं गाडी चकचकीत राहते. दगडोबांना रविवार सोडून पुन्हा शेळ्यांमागं जावं लागतं, आणि शिक्षणानं घराचं नुकसान होतं असं त्यांचं ठाम मत झालं आहे. परवा बालाजीनं फोनवर विचारलं, "पोरगी पुढं काय करायचं म्हणती?"

"अजून ठरलं न्हाय," श्रीमंत म्हणाला, आणि विषय तिथंच तोडून तिकडं सोलापूरला लाईटीचं कसं काय चाललंय ते विचारू लागला.