सात नंबरच्या टाकीचा वास

इथले अनुभव मी गेली तीन वर्षं वाचतेय, आणि त्यातल्या निम्म्यांच्या खाली "झोप पुरी करा, बरं वाटेल" अशी कमेंट टाकणारी बाई मीच. त्यामुळे आज माझं काय होणार आहे ते मला ठाऊक आहे. टाका कमेंट, मी सगळ्या वाचीन. पण आधी पूर्ण ऐकून घ्या.

मी मूळची वाशिमची, बौद्ध घरातली. आमच्याकडे देव्हारा नाही, दाराला लिंबू-मिरची नाही, अमावास्या कधी येते नि जाते ते कळतही नाही. गल्लीत कुणाच्या अंगात आलं की आई हातातलं काम टाकून बघायला जायची आणि परत येऊन आम्हाला नक्कल करून दाखवायची. हसून हसून पोट दुखायचं आमचं. अशा घरात वाढलेल्या बाईच्या वाट्याला हे का यावं, हा माझा पहिला प्रश्न आहे.

अकरा वर्षं झाली, बहारीनला आहे. हूरामध्ये दोन खोल्यांचा फ्लॅट. नवरा सुनील लिफ्ट टेक्निशियन, मुलगी सांची हे घडलं तेव्हा सातवीत होती. मी एका रेस्टॉरंट कंपनीच्या परचेसमध्ये. मागच्या वर्षी कंपनीने ठरवलं की परचेसचं सगळं काम दुबईहून करायचं. आम्ही पाच जण खलास! पण त्याच सुमारास जुफैरला त्यांचं जपानी रेस्टॉरंट उघडत होतं आणि तिथे साके — म्हणजे जपानी लोकांची तांदळाची दारू — बघायला माणूस हवा होता. कुठली मागवायची, कशी साठवायची, गिऱ्हाइकाला काय सांगायचं, सगळं. आमचे जासिम साहेब म्हणाले, "तीन महिन्यांत सर्टिफिकेट आण, जागा तुझी. नाही आणलंस तर मी काही करू शकत नाही."

माझी नोकरी गेली असती तर सुनीलच्या एकट्याच्या पगारावर आमचा फॅमिली व्हिसा बसत नव्हता. म्हणजे मी आणि सांची वाशिमला, आणि सुनील इथे कुणाच्या तरी खोलीत एका खाटेवर. असे कितीतरी संसार मी आमच्याच बिल्डिंगमध्ये पाहिलेत. माझा तसा होऊ द्यायचा नाही हे मी त्याच दिवशी ठरवलं.

आता अडचण अशी, की मी दारू पीत नाही. बावीस प्रतिज्ञांमधली ती प्रतिज्ञा मी नुसती म्हटलेली नाही, पाळलेली आहे. विकणंही बरोबर नाही, हे कुणी सांगायच्या आधी मीच सांगते. त्याचं उत्तर माझ्याकडे नाही. पोटासाठी जेवढं वाकावं लागलं तेवढं वाकले, पण तोंडात घ्यायचं नाही म्हणजे नाही. आईचा रोज फोन, "मले खरं सांग, तोंडात त नाई घेत न तू?"

"नाई व आई. वास घेते फक्त."

"वासानं नाई न काही होत?" तिला पक्कं करून घ्यायचं असायचं.

सुनीलचं म्हणणं वेगळं होतं. "अगं, जिभेला लावायचं आन थुंकायचं. सगळे तसंच करतात. गिळायचं कुठं हाय?"

"प्रतिज्ञेत गिळणं आणि थुंकणं वेगवेगळं लिहिलेलं नाही," मी म्हटलं. त्याने वैतागून टीव्ही लावला.

कोर्स ऑनलाइन होता. एक जाडं पुस्तक, पंचवीसेक व्हिडिओ, आणि दर शनिवारी एक क्लास. शिकवणाऱ्या होरी-सान, म्हणजे होरी मॅडम, स्वतः जपानमधल्या एका छोट्या साके कारखान्यात काम करत. मी झपाटल्यासारखा अभ्यास केला. लोक राइस वाइन म्हणतात, पण वाइनशी हिचा फारसा संबंध नाही. तांदूळ घासून घासून बारीक करायचा, वाफवायचा, थोड्या भातावर कोजी नावाची बुरशी वाढवायची. मोठ्या टाकीत ती भाताची साखर करते, आणि तिथेच त्याच वेळी यीस्ट त्या साखरेची दारू करतं. बुरशी म्हटल्यावर आपण भात फेकून देतो, हे लोक तिला रात्रंदिवस लेकरासारखी सांभाळतात.

पुस्तकातल्या वासांच्या यादीत लिची, मेलन, पेअर, चेस्टनट... यातलं अर्धं मी आयुष्यात हुंगलेलं नव्हतं. मग मी माझी यादी केली आणि कपाटावर चिकटवली. वाफाळता भात, पेज, पिकलं केळं, सोललेली काकडी, गुळाची ढेप, न वाळलेला फडका. रेस्टॉरंटचा बार मॅनेजर रेनातो, फिलिपिनो माणूस, रोज दुपारी मला नंबर टाकलेले पेले भरून द्यायचा. मी डोळे मिटून हुंगायची आणि यादीतून बोलायची. पहिल्या महिन्यात सगळं चुकलं. दुसऱ्या महिन्यात तो माझ्याकडे जरा नीट बघायला लागला.

"मॅम, काकडी कुठल्या फळात येते?" तो एकदा म्हणाला.

"फळ नाही, माझं स्वयंपाकघर आहे ते," मी म्हटलं.

परीक्षेत साके चाखावीच लागते असा नियम होता. मी होरी-सानना लिहिलं, की मी नुसत्या वासावर परीक्षा देईन, हवे तर माझे मार्क कापा. त्या चांगल्या होत्या. म्हणाल्या, आजवर कुणी असं मागितलं नाही, पण संस्थेला विचारून बघते.

आणि मग तो शनिवार आला. जानेवारी होता. त्या दिवशी होरी-सान मोबाइल घेऊन आम्हाला लाइव्ह कारखाना दाखवणार होत्या. आमच्याकडे सकाळचे नऊ, तिकडे दुपारचे तीन. आम्ही चौदा विद्यार्थी, देशोदेशीचे. मी डायनिंग टेबलवर लॅपटॉप घेऊन बसलेली, समोर सांची कॉर्नफ्लेक्स खात होती. कारखान्यात उंच टाक्यांची रांग होती, प्रत्येकीत तो आंबत असलेला भात, वर फेस. शेजारी तिथले मुख्य कारागीर उभे होते. त्यांना तोजी म्हणतात. सत्तरीचे असतील, अंगाने काटक, इंग्लिश शून्य.

कॅमेरा सात नंबरच्या टाकीवर आला आणि मला वास आला.

लोणी कढवल्यावर तळाशी जी बेरी राहते, तिचा. पण ताजा नाही... आंबूस, दोन दिवस झाकून ठेवल्यासारखा. मी आधी आमच्या गॅसकडे पाहिलं. बंद. फ्रिज उघडून दूध हुंगलं, चांगलं होतं. सिंक कोरडं होतं. घरात लोणीच नव्हतं, गेले सहा महिने तूप आम्ही डब्याचं आणतो. मी टेबलाशी परत आले तेव्हा कॅमेरा नऊ नंबरवर होता आणि वास गेलेला होता. साफ गेलेला.

मी लॅपटॉप उचलून बेडरूममध्ये नेला, दार लावलं, सांचीला सोबत बसवलं. "मी डोळे मिटते. त्या कॅमेरा घेऊन परत येताना मला वास आला की मी 'आता' म्हणेन. तू फक्त नंबर बघ."

"मम्मा, यू आर बीइंग वीअर्ड," ती म्हणाली. पण बसली.

मी दोन्ही हातांनी डोळे झाकले. होरी-सान बोलत होत्या, पंख्याचा आवाज येत होता. बराच वेळ काहीच नाही. मग वास आला, पहिल्यापेक्षा जोरात.

"आता."

मी डोळे उघडले. स्क्रीनवर पांढऱ्या पाटीवर सात आकडा होता.

"देअर इज नो स्मेल, मम्मा," ती हळूच म्हणाली. ती घाबरली होती. मीही घाबरले होते, ते तिला दिसू दिलं नाही.

बोलायचं की नाही? पुस्तकात लिहिलेलं मला पाठ होतं, की टाकीला असा लोण्यासारखा वास येणं म्हणजे नको ते जिवाणू शिरले, माल गेला. पण आठेक हजार किलोमीटरवरून, लॅपटॉपमधून? वेडीच म्हणतील. वास-परीक्षेची परवानगी तर मग मिळणारच नाही. पण त्या म्हाताऱ्या माणसाची महिन्याभराची मेहनत त्या टाकीत होती, आणि मला जे कळलं ते गिळून मी बसले असते तर मला स्वतःचं तोंड बघवलं नसतं. मी माइक सुरू केला.

"होरी-सान, सात नंबरच्या टाकीला खराब लोण्याचा वास येतोय."

कुणीतरी हसलं. चॅटमध्ये हसणाऱ्या चेहऱ्यांची रांग लागली. होरी-सान जपानी पद्धतीने हसल्या आणि त्यांनी तोजींना सांगितलं. तोजी माझ्यावर रागावले नाहीत. शिडी चढले, टाकीवर वाकले, हुंगलं, थेंबभर चाखलं. मग नाही म्हणून मान हलवली. टाकी उत्तम होती.

दुसऱ्या दिवशी क्लासचं रेकॉर्डिंग आलं. मी ते वीस वेळा लावलं असेल. काही नाही. नुसतं चित्र.

तिसऱ्या दिवशी होरी-सानची मेल. भाषा सभ्य, अर्थ स्पष्ट. वासावर परीक्षा घेण्याबद्दल संस्थेला आता शंका वाटते, कृपया इतरांप्रमाणे चाखून परीक्षा द्यावी.

"माफी मागून टाक," सुनील म्हणाला. "म्हण, सर्दी झाली होती. पोरीच्या शाळेचा विचार कर."

"तिचाच करतेय. पण मला आला तो वास आला. नाही आला असं कसं लिहू?"

"आन व्हिसा?"

बाथरूममध्ये जाऊन नळ सोडून रडले, खोटं कशाला सांगू. मग तोंड धुऊन उत्तर लिहिलं. मी जे बोलले त्यातलं काही मागे घेत नाही. मी चाखणार नाही. परीक्षेला मी ठरलेल्या दिवशी हजर असेन, घ्यायची की नाही ते तुम्ही ठरवा.

त्यानंतर सगळं शांत. मी रोज जुफैरला जाऊन पेले हुंगत राहिले. रेनातोने एकदा विचारलं, परवानगी नाही तर कशाला एवढं? म्हटलं, यल्ला, चल, पुढचा पेला दे.

क्लासनंतर बरोबर नऊ दिवसांनी होरी-सानचा फोन आला. मेल नाही, फोन. आवाज वेगळाच होता.

सात नंबरची टाकी गेली होती. आदल्या रात्रीपासून वास सुटला होता. खराब लोण्याचा. पूर्ण टाकी ओतून द्यावी लागली.

"म्हणजे त्या दिवशी सुरुवात झाली होती," मी म्हटलं.

"नाही," त्या म्हणाल्या. "तेच सांगायला फोन केला. आम्ही रोज प्रत्येक टाकीचा नमुना ठेवतो. त्या शनिवारचा नमुना आम्ही परत तपासला. पूर्ण स्वच्छ आहे. त्या दिवशी टाकीत काहीच नव्हतं."

मी खुर्चीवर बसले.

त्या पुढे म्हणाल्या, की तोजींनी त्या शनिवारीच संध्याकाळी, कुणाला न सांगता, सात नंबरसाठी वेगळं वल्हं आणि वेगळा पाइप काढून ठेवला होता. भात ढवळायचं वल्हं एका टाकीतून दुसरीत गेलं असतं तर बाजूच्या टाक्याही गेल्या असत्या. त्यांना काहीच वास आलेला नव्हता, तरीही. होरी-साननी कारण विचारलं तर म्हणाले, ती बाई मुद्दाम खोटं बोलणारी वाटली नाही. वासावर परीक्षा घ्यायचं मग तोजींनीच संस्थेकडून मंजूर करून घेतलं.

या गोष्टीला मी सगळ्या बाजूंनी ठोकून पाहिलंय. योगायोग म्हणावं तर टाक्या अशा क्वचित जातात, आणि मी वासही नेमका तोच सांगितला. माझ्या नाकाची करामत म्हणावं तर जो वास तिथे नव्हताच तो नाकाने कुठून आणला? डॉक्टरला दाखवलं. नाक ठीक, डोकंही ठीक, असं लेखी आहे माझ्याकडे.

परीक्षा जुफैरला झाली, सकाळी दहाला, रेस्टॉरंट उघडायच्या आधी. समोर लॅपटॉप, पाच पेले, लॅपटॉपच्या मागे रेनातो, दाराशी जासिम साहेब. लेखी पेपर झाला होता. पेले मी एकेक करून हुंगले आणि सांगितले. चार बरोबर आले, एक चुकला. मला वाटलं संपलं, तेवढ्यात स्क्रीनवर तोजी आले. त्यांच्या मागे एक टाकी होती, अकरा नंबरची. ते काहीतरी बोलले.

"तोजी विचारतायत," होरी-सान म्हणाल्या, "ही कशी आहे?"

जासिम साहेब दोन पावलं आत आले. रेनातो लॅपटॉपच्या मागून अंगठा वर करून दाखवत होता, सांग चांगली आहे, सांग. आणि टाकी चांगलीच असणार होती. बहुतेक टाक्या चांगल्याच असतात. नुसतं "छान" म्हणायचं होतं आणि माझा व्हिसा, सांचीची शाळा, आमचं घर, सगळं जागच्या जागी राहणार होतं.

मी डोळे मिटले. थांबले. जितकं थांबता येईल तितकं थांबले.

"मला काहीच वास येत नाहीये," मी म्हटलं. "चांगलाही नाही, वाईटही नाही. इथे फक्त फरशीच्या फिनेलचा वास आहे."

रेनातोने कपाळाला हात लावला. होरी-साननी भाषांतर केलं. मग तोजी एकच वाक्य बोलले आणि कमरेत वाकले.

होरी-साननी ते मला सांगितलं.

"ते म्हणतायत, आता त्या दिवशीच्या वासावर माझा पूर्ण विश्वास बसला."

मी तिथेच, सगळ्यांसमोर रडले. सर्टिफिकेट मिळालं, आमचे तिघांचे व्हिसा रिन्यू झाले, सांची इथल्याच शाळेत आठवीत गेली. त्यानंतर स्क्रीनमधून मला कधीही कसलाच वास आलेला नाही. तोजींचा विश्वास बसला. माझा मात्र अजून बसलेला नाही, आणि तरीही ते घडलं होतं.