बर्चची फळी आणि खोर फक्कानचे उस्ताद

वसईहून आखातात कुणी आलं की त्याच्या बॅगेत काय असणार हे मला तोंडपाठ आहे: सुकेळी, बाटलीतला मसाला, वर्तमानपत्रात गुंडाळलेले सुके बोंबील. पप्पांच्या बॅगेत हे सगळं होतंच, पण तळाशी टॉवेलात गुंडाळलेला एक लोखंडी रंधासुद्धा निघाला. चांगला दीड किलोचा.

"पप्पा, लोक लोणचं आणतात हो!"

"लोणचं इथे मिळतं की," ते म्हणाले, आणि रंधा उचलून आपल्या उशीजवळ ठेवला.

माझे पप्पा सुतार. अबुधाबीजवळच्या मुसफ्फातल्या एका वर्कशॉपमध्ये त्यांनी एकोणीस वर्षं काढली, मग वसईला परत गेले, त्यालाही आता चोवीस वर्षं झाली. यंदा महिनाभराच्या व्हिजिट व्हिसावर ते आमच्याकडे दुबईत अल कुसैसला आले. मी एका हॉटेलात रिझर्व्हेशनला काम करते, त्यामुळे लोकांना फिरवण्याची यादी माझ्या जिभेवरच असते. उंच टॉवर, नाचणारं कारंजं, वाळवंटातली सफारी. पप्पांनी सगळं शांतपणे ऐकलं आणि म्हणाले, "बाय, मला खोर फक्कानला ने. तिथे एक कपाट आहे."

तर या पोस्टमध्ये टॉवर नाही, आधीच सांगते. हा आमचा दोन दिवसांचा कपाटाचा प्रवास.

आधी कपाटाची गोष्ट. खोर फक्कानला एक शाळामास्तर राहायचे. तिथे मास्तरांना उस्ताद म्हणतात. त्यांनी पुस्तकांसाठी भिंतभर कपाट सांगितलं होतं, तेही बर्च प्लायचंच. बर्च हे थंड देशातलं झाड. त्याचा प्लाय पांढुरका, आणि कड कापली की एकाच रंगाचे बारीक बारीक थर दिसतात. उस्तादांना ती कडच आवडली होती. पण काम संपत आलं आणि एका फळीपुरता बर्च कमी पडला. फोरमनने दुसरी शीट पुढे केली: वरून बर्चचं पापुद्र्यासारखं कातडं, आत कसलंतरी हलकं लाकूड. कड उघडी ठेवली तर चोरी लगेच कळणार. म्हणून पप्पांनी कडेला पट्टी मारली. उस्तादांनी विचारलं, पट्टी कशाला? पप्पा म्हणाले, मजबुतीसाठी.

"शीट फोरमनची होती," पप्पा मला सांगत होते, "पण मजबुतीचं मी बोललो ना. माझ्या तोंडाने. आणि त्या माणसाने निघताना मला मिठी मारली, खजुराचा डबा दिला. तो डबा घरी आणला, तुम्ही पोरांनी खाल्लात. मला एक खजूर गिळवला नाही."

चोवीस वर्षं हा माणूस हे पोटात घेऊन हिंडतोय आणि आम्हाला पत्ता नाही! त्यांना एवढंच हवं होतं: उस्तादांना तोंडावर खरं सांगायचं आणि ती फळी बदलून द्यायची. उस्ताद हयात आहेत का, घर तिथेच आहे का, काहीच ठाऊक नव्हतं.

शनिवारी सकाळी सातला निघालो. मी, पप्पा आणि माझी अकरा वर्षांची जोआना. नवऱ्याची ड्युटी होती, सुटला बिचारा. कुसैसहून मुसफ्फा दीड-पावणेदोन तास धरा. तीनशे अकरा नंबरचा रोड पकडा, आणि आठच्या आत दुबई मागे टाका, नाहीतर खलास. वाटेत पेट्रोल पंपावर करक चहा घेतला, दोन दिऱ्हमला एक.

"पन्नास रुपये!" पप्पा म्हणाले. "एवढुशा कपाला?"

"पप्पा, रुपयात मोजलंत तर इथे उपाशी मराल."

मुसफ्फात पप्पांचं वर्कशॉप काही सापडलं नाही, त्या जागी टायरवाला बसलाय. पण लाकडाच्या वखारी तशाच आहेत, आणि तो भुशाचा वास नाकात शिरला तशी पप्पांची चालच बदलली. आमच्या घरात सोफ्यावरून उठताना "आई गं" म्हणणारा माणूस तिथे शीटच्या थप्प्यांमधून असा चालला की मला मागे धावावं लागलं. वखारीतल्या मलबारी सेल्समनने तीन शीट दाखवल्या. पप्पांनी वरून बघितलंच नाही. खाली उकिडवे बसले आणि कडेवरून अंगठा फिरवला.

"ये नहीं. ये भी नहीं." मग तिसरीवर थांबले. "ये."

"चाचा, पुराना आदमी है आप," सेल्समन हसला.

अख्ख्या शीटचे एकशे साठ दिऱ्हम, म्हणजे जवळजवळ चार हजार रुपये. आम्हाला एकच फळी हवी होती. शेवटी कापून उरलेला एक तुकडा तीस दिऱ्हमला मिळाला. माप? "तीन फूट दोन इंच," पप्पांनी खाडकन सांगितलं. "एक बोट जास्त ठेव." माझा वाढदिवस त्यांना दरवर्षी आठवण करून द्यावा लागतो, हे इथे नोंदवून ठेवते.

फळी मागच्या सीटवर जोआनाशेजारी उभी केली आणि तिला पट्टाही लावला. "ममा, व्हाय डज द प्लँक गेट द विंडो सीट?" जोआनाने विचारलं. "कारण ती भांडत नाही," मी म्हटलं.

परतताना मला वाटलं, आयुष्यभर ज्या लाकडावर काम केलं ते झाड तरी या माणसाने बघावं. दुबईत एका व्हिलांच्या वसाहतीत गल्ल्यांना झाडांची नावं आहेत, आणि त्यात एक बर्च गल्ली आहे हे मला हॉटेलच्या टॅक्सीवाल्यांकडून माहीत होतं. गेलो. पाटीवर मोठ्या अक्षरात बर्च. पाटीखाली कडुलिंब. पुढे कडुलिंब, त्यापुढे खजूर, कोपऱ्यावर एक गाफ, इथलं वाळवंटातलं झाड. गेटवरच्या वॉचमनला विचारलं.

"बर्च? मॅडम, इधर सब नीम है. बाजू की गली ओक है, उधर भी नीम है."

पप्पा पोट धरून हसले. मी फोनवर शोधून त्यांना वाचून दाखवलं की बर्च म्हणजे आपला भूर्ज, ज्याच्या सालीवर जुन्या काळी पोथ्या लिहायचे ते भूर्जपत्र.

"अरे देवा! पोथ्या लिहायच्या झाडाची आम्ही किचनची खोकी केली!"

मग हट्टाने त्यांना एका कॅफेत नेलं. तिथे आत बर्चची खोडं उभी आहेत, पांढरी, काळ्या रेघांची, फोटोत अगदी जंगलात बसल्यासारखं वाटतं. कॉफी पंचवीस दिऱ्हम, घेऊ नका. फोटो फुकट आहे. पप्पांनी जवळ जाऊन सालीवर हळूच बोट फिरवलं, एक पापुद्रा सुटला होता तो हुंगला. "साल खरी आहे," ते म्हणाले. चेहरा असा उजळला म्हणून सांगू! मग सवयीने त्यांनी खोडावर बोटाने टकटक केली. आवाज पोकळ आला. आत पाइप होता, वरून खरी साल गुंडाळलेली.

पप्पांनी हात खाली घेतला. गाडीत बसल्यावर मागे वळून त्यांनी आपल्या फळीच्या कडेवरून एकदा अंगठा फिरवून घेतला.

रविवारी चर्चमधल्या पहाटेच्या मासनंतर खोर फक्कान. आता शारजाहून डोंगरातून बोगदे काढून सरळ रस्ता केलाय, तास-सव्वा तासात पोचता. पप्पांच्या काळी म्हणे डोंगराला वळसे घालत जायला अर्धा दिवस जायचा. "आम्ही कपाट पिकअपमध्ये बांधून नेलं होतं. मी मागे बसलो होतो, कपाटाला धरून," ते म्हणाले. शेवटचा बोगदा संपतो आणि समोर समुद्र, बंदराच्या क्रेन, उघडे तपकिरी डोंगर. नोव्हेंबर ते मार्च जा, सकाळी जा, किनाऱ्यावर पार्किंग मिळतं. मी खिडकी खाली केली, खारा वारा आत आला. पप्पा मात्र डोळे मिटून माळेचे मणी सरकवत होते.

घर सापडेना. लहान मशिदीमागे पांढरं घर, निळं गेट, एवढाच पत्ता. मशीद सापडली, तिच्यामागे चार मजली बिल्डिंग. पप्पांचा चेहरा उतरला. "राहू दे, बाय. चल परत." पण मी हॉटेलवाली, हरवलेली माणसं शोधणं माझं रोजचंच काम. कोपऱ्यावरच्या किराणावाल्याला विचारलं, जुने मास्तर, पुष्कळ पुस्तकं...

"लायब्ररीवाला उस्ताद? वो ऊपर नया घर में गया. पानी का बोतल मैं ही भेजता हूँ."

इन्शाल्ला म्हणतात ते उगाच नाही.

उस्तादांनी स्वतः दार उघडलं. पंचाहत्तरीचे असतील, अंगात पांढराशुभ्र पायघोळ कंदुरा, जाड चष्मा. दारात एक म्हातारा काखेत फळी घेऊन, मागे एक बाई, एक मुलगी. काय वाटलं असेल!

"सलाम अलैकुम, उस्ताद. मैं मुसफ्फा का कारपेंटर. आपका किताब का कबाट..."

त्यांनी पुढचं बोलू दिलंच नाही. आधी आत या. आधी बसा. आधी कहावा. इथे घरात आलेल्याला काम विचारायच्या आधी कॉफी पाजतात, आणि कप हातात हलवून परत दिला नाही तर पुन्हा भरतात. एकोणीस वर्षं इथे राहिलेल्या माणसाला हे काय सांगायचं? पण पप्पा इतके घाबरले होते की कप हलवायचं साफ विसरले. उस्ताद ओततायत, हे पितायत. पाचव्या कपाला मीच त्यांचा हात धरून हलवला.

कपाट समोरच होतं. भिंतभर, पुस्तकांनी गच्च. घर बदललं तरी उस्तादांनी ते सोबत आणलं होतं. तिसरी फळी मधोमध लवली होती, झोका बांधावा तशी.

पप्पा उठून उभे राहिले. बसून बोललेच नाहीत. "उस्ताद, मैंने झूठ बोला था. ये तीन नंबर का फळी बर्च नहीं है. पट्टी मजबूती के लिए नहीं, छुपाने के लिए मारा था."

उस्ताद कपाटाजवळ गेले, दोन पुस्तकं काढली आणि आम्हाला कड दाखवली. पट्टी अर्धी सुटलेली, चिकटपट्टी लावून धरलेली.

"दूसरे साल गर्मी में निकल गया. मैंने उसी दिन देख लिया."

"आपको गुस्सा आया?"

"बहुत." ते जराही हसले नाहीत. "एक साल तक मैंने सबको बोला, उस कारपेंटर का बात कभी मत मानना."

पप्पांनी मान खाली घातली. मला इतका राग आला उस्तादांचा! माणूस सत्तर वर्षांचा, समुद्र ओलांडून आलाय, निदान गोड तरी बोला. पण पप्पा म्हणाले, "सही बोला आपने." आणि काखेतली फळी पुढे केली.

उस्तादांनी चष्मा वर केला आणि कडेवरून नख फिरवत थर मोजले. अरबीतून, मोठ्याने, पहिलीतल्या पोरासारखे. तेरा भरले. मग त्यांनी पप्पांच्या खांद्यावर हात ठेवला.

"इतने साल बाद कौन आता है?" ते म्हणाले. "यल्ला, लगाओ. लेकिन पहले खाना."

जेवण म्हणजे भलंमोठं ताट, मसाल्याच्या भातावर अख्खा मासा. पप्पांनी दोनदा भात घेतला. मग काम सुरू. जोआनाने पुस्तकं काढून गालिच्यावर रचली, रचता रचता एक नकाशांचं पुस्तक घेऊन तिथेच बसली. जुनी फळी निघाली. नवी एक बोट लांब होती ती पप्पांनी अंगणात रंध्याने उतरवली. हलका हात, मग बघायचं, मग पुन्हा हलका हात. फळी खणात सरकवली आणि तळव्याने ठोकली तेव्हा ती अशी बसली की मधून कागद जाणार नाही. कड उघडी. पट्टी नाही.

उस्तादांनी खिशातून पेन्सिल काढून दिली. "नाम लिखो, नीचे."

या देशात पप्पांनी शेकडो कपाटं केली, सगळ्यांवर कंपनीचा स्टिकर. नाव कुणी विचारलं नव्हतं. फळीच्या खालच्या बाजूला, मान वाकडी करून, त्यांनी मराठीत आपलं नाव आणि गाव लिहिलं. मी बाहेर जाऊन रडून घेतलं, लपवत नाही. निघताना उस्तादांनी याही वेळी खजुराचा डबा दिला, तो पप्पांनी घरी आणून न उघडताच फ्रिजवर ठेवला.

दोन दिवसांचा आमचा खर्च सगळा मिळून साडेतीनशे दिऱ्हम झाला, पेट्रोल धरून. पप्पांनी लगेच रुपये केले आणि कपाळाला हात लावला. परतीच्या वाटेवर मात्र ते बोगद्याबोगद्यात घोरत होते.

त्यानंतर ते टॉवरही बघायला आले, सफारीत उंटावरही बसले. मला वाटलं होतं कपाट संपलं. तर आठवड्याने उस्तादांनी फोटो पाठवला. नवी फळी, चकचकीत पुसलेली, आणि रिकामी! खाली लिहिलं होतं: येणाऱ्या प्रत्येकाला ही कड दाखवतो, पुस्तकं ठेवून झाकायला मन होत नाही.

मी हरखून पप्पांना दाखवलं. ते भडकलेच.

"रिकामी? रिकामी फळी काय पूजेला ठेवायची? पुस्तकं ठेव म्हणावं! जाडजूड ठेव! माझं काम वजनाखाली बघू दे मला!"

मी तसंच्या तसं हिंदीत लिहून पाठवलं. संध्याकाळी दुसरा फोटो आला. फळीवर दाटीवाटीने शब्दकोश, वर आडवे आणखी दोन. पप्पांनी फोन टेबलावर सपाट ठेवला, जोआनाच्या कंपासपेटीतली पट्टी मागून घेतली आणि स्क्रीनवर फळीच्या कडेला लावली. एक डोळा मिटून बराच वेळ बघत राहिले.

"हलली नाही," ते म्हणाले. मग जोआनाकडे वळून, "तो खजुराचा डबा आण गं फ्रिजवरचा."